डावीकडचा पंख

मानपाडा, डोंबिवली पूर्व
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय उत्तराताई,

माझ्या हातांनी आजवर झालेली विमानं अशी. एक जुनं, दुमजली पंखांचं, पितळी, दोन्ही पंखांमधल्या तारांसकट. एक चार इंजिनांचं मालवाहू, त्याचं मागचं दार उघडतं आणि मिटतं. एक पाण्यावर उतरणारं. एक हेलिकॉप्टर, फुंकर मारली की वरचा पंखा फिरतो. लढाऊ दोन, खरं म्हणजे तीन, कारण एक मी दोनदा केलं. पहिल्यात शेपटी केसभर डावीकडे गेलेली. माझी बायको शेवंती भिंग लावून बघत म्हणाली, "कुठाय तो केस? मला तर दिसत नाही." मला दिसत होता. ते मी मोडलं.

हे सांगायचं कारण, तुम्ही हेमांगीबरोबर चिठ्ठी पाठवून विचारलंत, "तुम्हाला हे काम कितपत जमतं?" तुमची ही भाची माझं गिऱ्हाईक. मानपाडा रोडवर माझं चष्म्याचं दुकान आहे, तिथल्या काचेच्या कपाटात तिने ही विमानं पाहिलीत. तुम्ही पाहिलेली नाहीत, म्हणून रागावलो नाही.

काम असं असतं. पातळ पोलादी पत्रा येतो, त्यात विमानाचे सगळे भाग कोरलेले. ते कटरने सोडवायचे, गोल वळवायचे, एका भागाचे बारीक कान दुसऱ्याच्या खाचेत घालायचे आणि मागून वाकवायचे. गोंद नाही, सोल्डरिंगचा डाख नाही. कान एकदाच वाकतो. परत सरळ करायला गेलात की तुटतो. काही लोक म्हणतात, तयार भाग तर जोडायचे, त्यात काय मोठं? त्यांना मी एक पत्रा आणि चिमटा देतो आणि चहा मागवतो. चहा संपायच्या आत उठतात.

मला कोणी शिकवलेलं नाही. तुमचं अर्धवट विमान पाठवा. बघू.

तुमचा,
महिपत तोरस्कर

⁂

नौपाडा, ठाणे
१० ऑगस्ट २०२४

श्री. महिपतराव यांस,

नमस्कार. खोकं हेमांगीबरोबर पाठवते आहे. फोन न करता लिहिते, कारण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं सगळं ऐकू जातं आणि हे मला गुपचूप करायचं आहे. ५ ऑक्टोबरला भाऊंचा वाढदिवस आहे. भाऊ म्हणजे माझे यजमान; सगळा नौपाडा त्यांना भाऊ म्हणतो, तशी मीही म्हणते.

आत दोन इंजिनांचं जुनं प्रवासी विमान आहे. आमच्या घरातल्या एकाने ते हौसेने सुरू केलं होतं. डावीकडचा पंख आणि पोटाचा थोडा भाग झाला, मग राहून गेलं. इंजिनांचे भाग फारच बारीक आहेत. पुढचं तेवढं तुम्ही करून द्यावं, इतकीच विनंती.

पैशांचं मोकळेपणाने कळवा.

उत्तरा गुप्ते

⁂

मानपाडा
२९ सप्टेंबर २०२४

आदरणीय उत्तराताई,

विमान झालं. या चिठ्ठीबरोबर खोक्यात आहे. शेपटीला धरून उचलू नका, दोन्ही पंखांच्या मुळाशी बोटं लावून उचला.

आता थोडं स्पष्ट लिहितो, तुम्ही सुशिक्षित आहात, समजून घ्याल. खोकं उघडलं तेव्हा वाटलं, कोणी पायाखाली घेतलं की काय! पोटाचा पत्रा पेन्सिलीवर वळवायचा असतो, तो बहुतेक गुडघ्यावर वळवलेला. पंखाचे कान असे वाकवलेले, जसं दारू पिऊन कुलूप लावावं. काही उलट्या बाजूला, काही अर्धेच, दोन पिळवटलेले. पत्र्यावर अंगठ्याचे ठसे इतके घट्ट बसलेले की स्पिरिटनेही जाईनात. दुकानात चार जणांना दाखवलं. एक म्हणाला, "महिपत, हे विमान नाही, हा अपघात आहे." हसून पुरेवाट झाली.

तुम्ही लिहिलेलं, पुढचं तेवढं करा. पण असल्या पंखाला दुसरा सरळ पंख जोडला तर माणूस लंगडा दिसतो तसं विमान दिसलं असतं. माझ्या हातून तसं जाणार नाही. कान परत सरळ होत नाहीत म्हणून मी त्याच विमानाचा नवा संच पदरचे पैसे घालून मागवला आणि पहिल्यापासून केलं. सगळंच्या सगळं. आता पट्टी लावून बघा, दोन्ही पंखांची टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत.

ज्याने सुरू केलं त्याला सांगा, बाबा, राग मानू नकोस, पण कॅरम खेळ.

भाऊसाहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझं नाव सांगायला हरकत नाही.

महिपत तोरस्कर

⁂

नौपाडा, ठाणे
७ ऑक्टोबर २०२४

श्री. महिपतराव यांस,

विमान पोचलं. फार सुबक आहे. तुमचे आणि नव्या संचाचे मिळून किती झाले ते कळवा.

जुने भाग, विशेषतः तो पंख, परत मिळाला तर बरं होईल.

उत्तरा गुप्ते

⁂

मानपाडा
११ ऑक्टोबर २०२४

आदरणीय उत्तराताई,

तुमची चिठ्ठी तीन वेळा वाचली. इतक्या कामाला "फार सुबक" एवढंच? असो. हेमांगीला विचारलं, भाऊंना आवडलं का, तर ती म्हणाली, "काका, माझं लेन्सचं काम झालंय का तेवढं सांगा." तुम्ही ठाण्याची माणसं मोजून बोलता हे ऐकून होतो.

पैसे नकोत. मी हौसेचे पैसे घेत नाही. फक्त कपाटात ठेवल्यावर एक फोटो पाठवा, शक्य असेल तर भाऊसाहेब शेजारी उभे असलेला.

जुने भाग भंगारात गेले. ते ठेवून करायचं काय? तुम्हाला वाटत असेल की मी त्यातून काही वापरलं, तर तसं नाही. एकही नाही.

आणि ज्या मुलाने ते सुरू केलेलं, त्याला सोमवारी माझ्याकडे पाठवा. सोमवारी दुकान बंद असतं. चिमटा कसा धरायचा एवढं जरी शिकला तरी पुढचे पत्रे वाचतील. मी मारत नाही.

महिपत

⁂

नौपाडा, ठाणे
२५ ऑक्टोबर २०२४

महिपतराव,

तुम्ही फोटो मागितलात तो पाठवता येत नाही. भाऊ उभे राहू शकत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. ते कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांनी मारलेली रेघ बघायला इतर खात्यांतून माणसं येत. त्या माणसाला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येईना. हा विमानाचा संच त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने आणून दिला. मला वाटलं, क्रूर थट्टा आहे. पण भाऊंनी तो घेतला.

उजवा हात उचलून कागदावरच्या वजनासारखा पत्र्यावर ठेवायचे आणि डाव्या हाताने काम करायचे. त्या हाताने त्यांनी आयुष्यात कधी चमचाही धरला नव्हता. एक कान वाकवायचा म्हणजे सकाळ जायची. कान वाकला की मला हाक, "उत्तरा, बघ." मी पोळ्या टाकून बघायला जायची. तुम्ही ज्याला गुडघ्यावर वळवलेलं म्हणालात, ते खरंच गुडघ्यावर वळवलं होतं. दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे.

त्यातली खरी गोष्ट वेगळीच. डावीकडचा पंख होत आला, तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं आपणहून पत्रा दाबून धरायला लागली. फिजिओथेरपीची बाई म्हणाली, "काका, हे सोडू नका, यानेच हात येणार आहे." पण पुढे इंजिनं आली. ती जमेनात. जूनमध्ये त्यांनी खोकं बंद केलं. मला वाटलं, त्यांचा पंख ठेवून बाकीचं पूर्ण झालेलं विमान समोर आलं, तर पुन्हा हुरूप येईल. म्हणून तुम्हाला गाठलं.

वाढदिवसाला खोकं त्यांनी स्वतः उघडलं. वर तुमची चिठ्ठी होती. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत ते मोठ्याने, अडखळत वाचायला लागले होते. त्यांच्या हातातून कागद काढून घेणं मला जमलं नाही. अपघाताच्या वाक्याला ते हसले. कॅरमलाही हसले. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, आणि वर्षभरात इतकं स्वच्छ वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं: "बरोबर लिहिलंय त्याने."

मग विमान उचललं. तुम्ही सांगितलंत तसंच, पंखांच्या मुळाशी बोटं लावून. डावीकडच्या पंखाच्या खालून बोट फिरवत राहिले. मला विचारलं, "माझा कुठाय?"

त्या दिवसापासून चिमटा खणात आहे. फिजिओच्या बाईने दिलेला रबरी चेंडूसुद्धा धरत नाहीत. "जाऊ दे गं" म्हणतात.

चूक तुमची एकट्याची नाही. पहिल्याच चिठ्ठीत मी नवऱ्याचं नाव लिहिलं असतं तर हे झालं नसतं. "घरातल्या एकाने" असं का लिहिलं, हे मी स्वतःला विचारते आहे. मला लाज वाटली होती, महिपतराव. ज्यांच्या रेघेचा मला अभिमान होता, त्यांचे ते वाकडे कान परक्या माणसासमोर ठेवताना त्यांचं नाव सांगायची लाज वाटली. ते मी त्यांना अजून सांगू शकलेले नाही.

तुम्हाला दुखवायला लिहिलं नाही. तुम्ही "त्या मुलाला" शिकवायला बोलावलंत, म्हणून लिहावं लागलं.

उत्तरा

⁂

मानपाडा
९ नोव्हेंबर २०२४

उत्तराताई,

आदरणीय लिहायचीसुद्धा लाज वाटते, तुम्ही काय समजायचं ते समजा.

तुमचं पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं. शेवंतीने विचारलं, "कोणाचं?" मी म्हटलं, "बिलाचं." मग तिने काढून वाचलं. दिवाळीभर ती माझ्याशी धड बोलली नाही. भाऊबीजेला फक्त एवढं म्हणाली, "तुम्हाला केस दिसतो हो. माणूस कधी दिसणार?"

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. न सांगता राहिलो तर उद्या हेमांगीच सांगेल, कारण तिने ती पाहिली आहे आणि बहुतेक म्हणूनच ती माझ्याशी तशी तुटक बोलली. मी लिहिलेलं, जुने भाग भंगारात गेले. पोट गेलं, ते खरं. पंख गेला नव्हता. तो मी दुकानाच्या काउंटरवर, काचेखाली ठेवलेला. शेजारी माझं सरळ केलेलं काम. आणि दोघांच्या मध्ये चिठ्ठी, माझ्याच अक्षरात: "असं करावं. असं करू नये." लोक चष्मा घ्यायला आले की मी ते दाखवायचो. हसवायचो. तुम्ही पंख परत मागितलात तेव्हा तो माझ्या कोपराखाली होता. मी काउंटरवरच कागद ठेवून लिहिलं, भंगारात गेले.

का लिहिलं? तुमचं "फार सुबक" लागलेलं. दुसरं कारण नाही.

पत्र वाचल्यावर मी काच उचलली आणि पंख पहिल्यांदा भिंगाखाली नीट पाहिला. आधी फक्त चुका पाहिलेल्या. टोकाकडचे कान, म्हणजे शेवटी केलेले, मुळाकडच्या कानांपेक्षा सरळ आहेत. शेवटचा एक तर मीही तसाच केला असता. म्हणजे माणूस शिकत गेलेला. ते एवढं स्पष्ट दिसतंय की आंधळ्यालाही दिसेल, आणि मी लोकांना चष्मे विकतो.

मग सोमवारी बसलो. उजवा हात पत्र्यावर ठेवला, मेल्यासारखा, आणि डाव्या हाताने नोज प्लायर, म्हणजे निमुळत्या चोचीची पक्कड, धरला. कान तुटला. दुसरा तुटला. तिसरा वाकला, पण उलटा. शेवंती दारातून बघत होती. म्हणाली, "कॅरम खेळा."

पंख टपालाने पाठवायची हिंमत होत नाही, हरवला तर? घेऊन यायची तर अजिबातच नाही. भाऊसाहेबांसमोर मी उभा कसा राहू? तुम्ही सांगाल तसं करतो. येऊ नका म्हणालात तर हेमांगीकडे देतो.

महिपत

⁂

नौपाडा, ठाणे
१४ नोव्हेंबर २०२४

महिपतराव,

तुमचं पत्र मी या वेळी आधी वाचलं आणि मग भाऊंच्या हातात दिलं. माझी गोष्टही त्यांना सांगितली, नाव लपवल्याची. ते म्हणाले, "मीही सांगितलं नसतं." एवढ्यावर तो विषय संपला, मी मात्र बराच वेळ रडले.

टोकाकडचे कान सरळ आहेत, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "त्याला लिही, मी सांगतो." म्हणून पुढचं त्यांचं आहे. थांबत थांबत सांगितलं, मी एकही शब्द बदललेला नाही.

"तोरस्कर, पोरांची ड्रॉइंगं मीसुद्धा लाल पेन्सिलने फाडलीत. दोघं तर नोकरी सोडून गेले. त्यामुळे तू काय केलंस ते मला चांगलं कळतं. तुझं विमान निर्दोष आहे. मला ते बघवत नाही. पंख घेऊन ये. तुझा डावीकडचा पंख तू काढायचा, तुझ्या हाताने, मी बघणार. मग माझा लावायचा. कारागीर म्हणून येणार असशील तर ये. माफी मागायला येणार असशील तर घरीच बस."

सोमवारी दुपारी या. जिना चढून दुसरा मजला, डावीकडचं दार.

उत्तरा

⁂

मानपाडा
२२ डिसेंबर २०२४

उत्तराताई,

पहिल्या सोमवारी तुम्ही मुद्दाम भाजीला गेलात, हे मला कळलं. तुम्ही परत आलात तेव्हा आम्ही दोघं चहा पीत होतो आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. भाऊही सांगणार नाहीत. म्हणून मी लिहितो.

मी आत गेलो, तर भाऊ विमान समोर ठेवूनच बसलेले. मी वाकून नमस्कार करायला लागलो, तर म्हणाले, "प्लायर आणलास?" आणलेला. माझा पंख काढायला घेतला. मी तोवर कधी कोणाच्या समोर माझं काम उघडलं नव्हतं. पहिला कान सरळ करताना तुटला. टिक् एवढाच आवाज होतो. दुसरा, तिसरा. खाचाही फाटल्या. पंख सुटून माझ्या हातात आला, विमान एका बाजूला कललं. भाऊ म्हणाले, "आता?"

आता काय? त्यांचा पंख बसवायचा तर खाचा फाटलेल्या, आणि त्यांचे जुने कान दुसऱ्यांदा वाकणार नव्हते. माझ्या पद्धतीने ते काम होणारच नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुला येत नाही."

मी म्हटलं, "नाही येत."

हे वाक्य मी याआधी कधी बोलल्याचं आठवत नाही.

मग त्यांनीच सांगितलं, तार घे. माझ्या पिशवीत तांब्याची बारीक तार होती. मी पंख पोटाला लावून धरला आणि त्यांनी डाव्या हाताने तार गुंडाळून पीळ दिला. उजव्या हाताची दोन बोटं खालून टेकू देत होती. मी ती पाहिली, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. पीळ फार जाड झाला. मी एरवी तो काढून परत केला असता. तसाच राहू दिला. विमान टेबलावर ठेवलं.

भाऊ म्हणाले, "खाली गेलाय."

"गेलाय," मी म्हटलं.

"किती?"

"साडेतीन मिलिमीटर."

"चार."

त्यांनी खणातून पट्टी काढायला लावली. चार होतं. इतके हसले की तोंडातून लाळ आली. ती त्यांनी स्वतःच पुसली. मला म्हणाले, "चष्मा बदल."

त्यानंतरचे सोमवार तुम्ही पाहिलेच आहेत. आता नवीन घेतलेल्या हेलिकॉप्टरच्या पत्र्यावरचे भाग मी कटरने सोडवून देतो, कान ते वाकवतात. मी काही सुधारतो का, यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. गेल्या सोमवारी माझा हात आपोआप पुढे गेला, तर त्यांनी उजव्या हाताने, हो, उजव्याच, माझ्या मनगटावर चापट मारली. हलकीच होती. घरी येऊन शेवंतीला दाखवलं, इथे मारलं म्हणून. ती म्हणाली, "बरं झालं."

काउंटरवरची चिठ्ठी मी फाडली. लोक विचारतात, तो पंख कुठे गेला? ज्यांना दाखवून हसवलेलं त्यांतले जे जे परत आले, त्यांना सांगितलं तो कोणाचा होता आणि कोणत्या हाताने केलेला. ते सांगताना आजही मान वर होत नाही. एकाने तर म्हटलं, "अहो, विसरा आता." विसरायचं ते नाही. तुमच्या घरची बेल वाजवताना दर वेळी मला ते कॅरमचं वाक्य आठवतं, आणि दार उघडेपर्यंत वाटतं, परत जावं.

आता एक राहिलं. हे खरं तर लिहायचं नव्हतं, कारण लिहिलं की वाटणार, महिपतने परत स्वतःची पाठ थोपटली. पण तेव्हा हेमांगी दुकानात होती आणि ती तुम्हाला वाढवून सांगेल, म्हणून मीच बरोबर ते सांगतो.

टिटवाळ्याला मोठी बिल्डिंग होते आहे, तिथले सॅम्पल फ्लॅट सजवणारा विनीत म्हणून एक माणूस आलेला. तुमच्या विमानाचा, दोन्ही पंख मी केलेले होते तेव्हाचा फोटो मी भिंतीला लावलेला, तो अजून काढला नव्हता. तो बघून म्हणाला, "काका, सेम टू सेम पाहिजे. अशी तीन. खाली पितळी पट्टीवर तुमचं नाव टाकू." गुढीपाडव्याला फ्लॅट उघडायचा, त्याआधी हवीत. हेमांगी मागून मला खुणा करत होती, हो म्हणा, हो म्हणा. मी मनात हिशेब केला. दुकान सांभाळून करायचं तर पाडव्यापर्यंतचे सगळे सोमवार त्यातच जाणार. मी त्याला म्हटलं, सोमवारी मला ठाण्याला जायचं असतं. तो म्हणाला, "मग एखादा सोमवार सोडा ना." मी म्हटलं, नाही जमणार. फोटोही तेव्हाच भिंतीवरून काढला.

हेमांगी तुम्हाला लाख सांगेल. लाख नव्हते. पंच्याऐंशी हजार देत होता, मी नाही म्हटलं.

महिपत